दर्शनरांगेतील चित्तोद्वेग व भयावेग : निदान आणि चिकित्सा
(जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके यात्रा-जत्रांचे तालुके म्हणून सर्वांस परिचित आहेत. अष्टविनायकांपैकी ओझरचा विघ्नहर व लेण्याद्रीचा गिरिजात्मज ही दोन स्थाने एकट्या जुन्नर तालुक्यात आहेत. दरवर्षी १९ फेब्रुवारीस शिवजयंतीनिमित्त शिवनेरीवर राज्यभरातून लोक येतात. श्रावणी सोमवारी भीमाशंकरकडे निघालेली वाहने मंचर, घोडेगाव, डिंभे या मार्गाने आंबेगाव तालुका ओलांडून जातात. संकष्टी, त्यातही अंगारकी असली की गणेशस्थानी रांगा तासन् तास हलत नाहीत. अलीकडे यात शाळांच्या सहलींची भर पडली आहे. खोपोलीजवळील इमॅजिका उद्यान २०१३ मध्ये सुरू झाल्यापासून आपल्या भागातील मुले व पालक तेथील लोखंडी कठड्यांमधल्या रांगांतही उभे राहू लागले आहेत.

अशा रांगेत एखाद्यास अकस्मात छातीत धडधड होते, श्वास अपुरा वाटतो, हातपाय थरथरतात, घाम सुटतो आणि 'आता आपण मरणार' अशी भीती मनास ग्रासते. सोबतचे लोक त्यास 'चक्कर आली', 'हवा लागली', क्वचित 'देवाचा कोप झाला' असे म्हणतात. ग्रामीण भागात असा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याकडे अथवा जवळच्या औषधालयात येतो. त्या पहिल्या दहा मिनिटांत आपण काय ओळखतो व काय करतो, यावर कधी त्याचे प्राण, तर कधी त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते. म्हणून या विषयाचा क्रमवार विचार येथे करीत आहोत.

शास्त्रीय आधार

चरकाचार्यांनी विमानस्थानात रज व तम या मानस दोषांचे विकार सांगताना काम, क्रोध, लोभ यांच्याबरोबरच चित्तोद्वेग व भय यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. दीर्घकाळ टिकणारी मनाची अस्वस्थता म्हणजे चित्तोद्वेग आणि एकाएकी उसळणारी भीती म्हणजे भयावेग, असा व्यावहारिक भेद आम्ही येथे केला आहे. आधुनिक वैद्यक ज्यास पॅनिक अटॅक म्हणते तो या दुसऱ्या प्रकारात येतो. छातीत धडधड, घाम, कंप, श्वासकष्ट, छातीत दुखणे, मळमळ, भोवळ, मुंग्या, मृत्यूचे भय इत्यादी तेरा लक्षणांपैकी चार किंवा अधिक लक्षणे एकदम उद्भवून काही मिनिटांत पराकोटीस पोहोचणे, ही त्याची मान्य ओळख आहे. हा आवेग बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो व अर्ध्या तासात ओसरतो.

गर्दीत वा रांगेत उभे राहणे, सार्वजनिक वाहन, बंदिस्त जागा, मोकळे मैदान आणि घराबाहेर एकटे असणे, या पाचांपैकी किमान दोन ठिकाणी सहा महिने वा अधिक काळ अशी भीती वाटत राहिली आणि माणूस ती ठिकाणे टाळू लागला, तर त्यास 'ॲगोराफोबिया' म्हणतात. 'अगोरा' म्हणजे ग्रीक नगरातील बाजारचौक. वेस्टफाल या जर्मन वैद्याने १८७१ मध्ये ही संज्ञा रूढ केली.

हेतुविचार : धारणीय व अधारणीय वेग

या विषयाचे मर्म आमच्या मते चरक सूत्रस्थानातील 'न वेगान्धारणीय' या सातव्या अध्यायात आहे. तेथे मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा, निद्रा, श्रमजन्य श्वास इत्यादी तेरा शारीरिक वेग कधीही रोखू नयेत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग मात्र रोखावेत असा उपदेश आहे.

दर्शनरांगेत नेमके याच्या उलट घडते. पहाटे झोपमोड करून निघालेला भाविक निद्रावेग रोखतो. उपवासामुळे क्षुधा रोखतो. रांगेत जागा जाईल व स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने पाणी पीत नाही आणि मूत्रवेग अडवितो. स्त्रियांमध्ये हे विशेष आढळते. लेण्याद्रीच्या सुमारे ३०० पायऱ्या चढून आल्यावर मागच्यांच्या रेट्यामुळे श्रमश्वास शमेपर्यंत थांबताही येत नाही. चार-पाच अधारणीय वेगांचे असे एकाच वेळी धारण झाल्यावर वातप्रकोप होणे अटळ आहे. त्यातच गर्दीचा कोलाहल, उष्मा, धूपाचा धूर, उपाशीपोटी घेतलेला चहा आणि तंबाखू वा मिश्री यांची भर पडते. शरीराची अशी पूर्वतयारी झालेली असताना भयाचा वेग उसळतो आणि तो धारण करण्याचे बळ मनात उरलेले नसते.

संप्राप्ती

प्रकुपित वात प्राण, उदान व व्यान या तीन स्थानी लक्षणे दाखवितो. प्राणवायूच्या विकृतीने श्वास उथळ व जलद होतो, बुद्धी व इंद्रिये गोंधळतात. उदानाच्या विकृतीने कंठ दाटतो, शब्द फुटत नाही, प्रयत्न व बल क्षीण होते. व्यानाच्या विकृतीने हृदयस्पंदन वाढून कंप सुटतो. हृदयस्थ साधक पित्त क्षुब्ध होऊन स्वेद व दाह होतो. हा प्रकार वारंवार घडल्यास ओजक्षयाची लक्षणे दिसू लागतात. सतत भीती वाटणे, दुर्बलता, नित्य चिंता व इंद्रियांची व्यथा हे सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायातील वर्णन अशा रुग्णास तंतोतंत लागू पडते.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, जलद श्वसनाने रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो. त्यामुळे ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात आणि भोवळ येते. रुग्ण ही मरणाची चिन्हे समजतो, अधिक घाबरतो व अधिक वेगाने श्वास घेतो. हे चक्र तोडणे हेच तत्काल चिकित्सेचे सूत्र होय.

सर्वांनाच असे का होत नाही, याचे उत्तर विमानस्थानातील सत्त्वपरीक्षेत मिळते. प्रवर, मध्यम व अवर असे सत्त्वाचे तीन भेद तेथे आहेत. अवरसत्त्व मनुष्य शरीराने धिप्पाड असला तरी अल्प वेदनाही सोसू शकत नाही. शेतात पोती उचलणारा गडी रांगेत कसा कोसळला, असा प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकांना हे समजावून सांगणे उपयुक्त ठरते.

व्यवच्छेदक निदान : सर्वांत महत्त्वाची पायरी

'घाबरला असेल' हे निदान सर्वांत शेवटी करावयाचे आहे. पुढील अवस्था प्रथम वगळाव्यात.

१) हृद्रोग : छातीवर दाब, डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत जाणारी वेदना, गार घाम, वमन. वय चाळिशीपुढे, मधुमेह, उच्च रक्तदाब वा तंबाखूचे व्यसन असल्यास शंकेचे पारडे हृद्रोगाकडेच झुकवावे. स्त्रिया व मधुमेही रुग्णांत वेदना सौम्य असू शकते, केवळ दम व थकवा असू शकतो. शंका येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

२) रक्तशर्करा घटणे : मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेऊन उपवास करणाऱ्या रुग्णात कंप, घाम व धडधड ही लक्षणे हुबेहूब भयावेगासारखी दिसतात. ग्लुकोमीटर नसल्यास आणि रुग्ण शुद्धीवर असल्यास साखरपाणी द्यावे. बेशुद्धास तोंडाने काहीही देऊ नये.

३) मूर्च्छा : दीर्घकाळ उभे राहिल्याने रक्त पायांत साठून रक्तदाब घटतो, नाडी मंद होते व रुग्ण पांढराफटक पडतो. भयावेगात नाडी जलद असते व रक्तदाब बहुधा वाढलेला असतो. मूर्च्छेत रुग्णास आडवे करून पाय उंच करावेत.

४) उष्माघात, जलाल्पता, तमकश्वास, पांडू, अवटु ग्रंथीचे विकार व गर्भावस्था यांचाही विचार करावा.

५) गर्दीचा प्रत्यक्ष दाब : याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीस आयुष्यात प्रथमच असा आवेग आला असेल, तर इ.सी.जी. व रक्ततपासणी झाल्याखेरीज 'मानसिक' हा शब्द उच्चारू नये.

भ्रामक भय व सार्थ भय

सर्वच भय हा रोग नव्हे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात ३९ भाविक चेंगरून मरण पावले. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळील मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत २९० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जणांचा अंत झाला. अशा घटनांनंतर 'लोक घाबरले म्हणून चेंगराचेंगरी झाली' असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः बहुतेक मृत्यू छाती व उदर दाबले जाऊन श्वासोच्छ्वास अशक्य झाल्याने होतात. दाब आधी येतो, भय नंतर. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहापेक्षा अधिक माणसे कोंबली गेली की व्यक्तीचे स्वतःच्या हालचालीवर नियंत्रण उरत नाही.

म्हणून रुग्णास एक सोपी कसोटी शिकवावी. हात छातीपर्यंत उचलता येतो काय, व एक पाऊल बाजूस टाकता येते काय? दोन्ही शक्य असेल तर श्वास कोंडल्याची भावना ही बहुधा मनाची आहे, ती ओसरेल. शक्य नसेल तर धोका खरा आहे. अशा वेळी दोन्ही हात दुमडून छातीसमोर धरावेत व श्वासासाठी जागा राखावी. पाय जमिनीवर ठेवावेत, पडलेली चप्पल वा पिशवी उचलण्यास वाकू नये, रेट्याच्या विरुद्ध जोर न लावता दोन रेट्यांमधील उसंतीत तिरप्या दिशेने कडेस सरकावे. अशा रुग्णास 'मन खंबीर ठेवा' एवढाच उपदेश करणे अनर्थकारक आहे.

तत्काल चिकित्सा

हृद्रोगादी कारणे वगळल्यानंतर पुढील क्रम अवलंबावा.

रुग्णास रांगेच्या कडेस बसवावे. भोवतालची बघ्यांची गर्दी हटवावी. गळ्याभोवतीचे वस्त्र सैल करावे. दोन-दोन घोट पाणी द्यावे. मूत्रवेग असल्यास प्रथम त्याची सोय करावी. या साध्या उपायानेच कित्येकांस निम्मा आराम पडतो. वैद्याने शांत, लहान वाक्यांत बोलावे : 'ही भीतीची लाट आहे. तुमचे हृदय तपासले आहे. ही लाट थोड्या वेळात ओसरेल. मी येथेच आहे.' 'काही झालेले नाही, उगीच घाबरता' असे म्हणू नये, कारण रुग्णास जे होत आहे ते खरेच होत आहे.

श्वासाचा उपाय असा : नाकाने चार अंक मोजत श्वास आत घ्यावा व सहा अंक मोजत सावकाश सोडावा. कुंभक करू नये. नामस्मरणाची सवय असणाऱ्यास प्रत्येक उच्छ्वासाबरोबर नाम संथपणे म्हणावयास सांगावे. इटलीतील बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या २३ निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात, जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना व बौद्ध मंत्र या दोहोंच्या उच्चारणाने श्वसनगती मिनिटास सुमारे सहापर्यंत मंदावल्याचे आढळले होते. रांगेतील सामूहिक नामगजराचा लाभ यातून समजू शकतो. मात्र गजर द्रुत लयीत व उच्च स्वरात चालला असेल तर घाबरलेल्या माणसास तो बाधतो, हेही ध्यानात ठेवावे.

तोंडावर कागदी पिशवी धरणे, कांदा वा चप्पल हुंगविणे, गालावर चापट्या मारणे हे उपाय पूर्णतः त्याज्य आहेत. पिशवीत श्वास घेण्याने हृद्रोगी व श्वासरोगी रुग्णांस अपाय होतो.

आणखी एक मुद्दा. भय शिखरावर असताना रुग्ण घरी पळाला तर 'पळालो म्हणून वाचलो' अशी मनाची खूणगाठ बसते व पुढील वेळी तेच भय लवकर येते. म्हणून शक्य असेल तेव्हा त्यास कडेस बसवून लाट ओसरू द्यावी, आणि नंतर त्याने परत जावे की दर्शन घ्यावे हे त्याच्या इच्छेवर सोडावे.

औषधिचिकित्सा

प्रथम अग्नी व कोष्ठ पाहावा. साम अवस्थेत घृत वा रसायन देऊ नये. दीपन-पाचन व अनुलोमन झाल्यावर प्रकृतीनुसार पुढील योजना करावी.

• अश्वगंधा चूर्ण ३ ते ६ ग्रॅम दुधातून : कृश, दुर्बल, निद्रानाश असलेल्या वातप्रधान रुग्णांत. गर्भिणी, यकृतविकारी व अवटु ग्रंथी अतिक्रियाशील असलेल्यांत टाळावी. क्वचित यकृतास इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे प्रसिद्ध झाल्या आहेत.
• ब्राह्मी घृत ५ ते १० मि.लि. सकाळी : वातपित्तप्रधान रुग्णांत, अग्नी उत्तम असल्यास.
• सारस्वतारिष्ट १० ते २० मि.लि. समभाग पाण्यासह भोजनोत्तर : यात शर्करा व स्वयंजनित मद्यांश असल्याने मधुमेहींत जपून योजावे.
• जटामांसी फांट रात्री : अस्वस्थ निद्रेत.
• मेध्य रसायने : चरकोक्त मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी. यष्टीमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांत टाळावे.

नित्य अभ्यंग, विशेषतः पादाभ्यंग, व साधन असल्यास शिरोधारा लाभदायक ठरते. यांपैकी कोणतेही औषध रांगेतील आवेग त्या क्षणी थांबवीत नाही. ते सत्त्व व ओज सांभाळते. रुग्णास हे आधीच स्पष्ट सांगावे, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही.

सत्त्वावजय व पादांशिक क्रम

दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय या त्रिविध चिकित्सेतील तिसरी येथे प्रधान आहे. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह असे तिचे स्वरूप चरकांनी सांगितले आहे. परंतु निग्रह म्हणजे गर्दी कायमची टाळणे नव्हे. टाळण्याने भय पोसले जाते. अहित सवय सोडताना व हितकर सवय लावताना चतुर्थांशाने पुढे जावे हा पादांशिक क्रम चरकांनी सांगितला आहे. तोच येथे योजता येतो.

आमच्याकडे आलेल्या एका मध्यमवयीन गृहिणीचे उदाहरण देतो. संकष्टीच्या रांगेत आवेग आल्यापासून ती प्रथम देवस्थाने, मग बाजार, मग एस.टी. व शेवटी माहेरही टाळू लागली. विघ्नहराने आपणास दर्शन नाकारले, अशी तिची समजूत झाली होती. इ.सी.जी. व रक्ताच्या तपासण्या निर्दोष आल्यावर आम्ही तिच्याशी बसून पायऱ्या आखल्या. पहिली : स्थानकावर थांबलेल्या एस.टी.त दहा मिनिटे बसणे. दुसरी : बाजारात दुपारच्या विरळ वेळी फेरी. तिसरी : साध्या वारी ओझरला सोबतीने दर्शन. चौथी : भर बाजार. पाचवी : साध्या वारी लेण्याद्री, जेथे एकाच खडकात कोरलेल्या बिनखांबी दालनात उभे राहावे लागते. सहावी : संकष्टीची रांग. प्रत्येक पायरीवर भय निम्म्यावर येईपर्यंत थांबावयाचे, आणि तीच पायरी दोन-तीन वेळा सहज जमल्यावाचून पुढील चढावयाची नाही, असा दंडक ठेवला. सहाव्या पायरीस पोहोचण्यास तिला सुमारे पाच महिने लागले. भय समूळ गेले नाही; मात्र ते आले तरी थांबता येते, हे तिला उमगले. माहेरचे जाणे-येणे तिसऱ्या पायरीनंतरच सुरू झाले होते, आणि आमच्या दृष्टीने खरे यश ते होते.

दैवी कोपाची समजूत खोडून काढण्यासाठी वाद घालू नये. 'वेग कोंडल्याने शरीर बिघडले, यात तुमचा अपराध नाही' एवढे शास्त्राधारे सांगितल्यास रुग्णाचे मन हलके होते.

जाण्यापूर्वी पाळावयाचे नियम

आदल्या रात्री पुरेशी झोप. निघताना लघु पण स्निग्ध आहार; उपवास असल्यास दूध, राजगिरा, फळे. मधुमेहींनी उपवासाच्या दिवशी गोळीची मात्रा वैद्यास विचारून ठरवावी. पाणी सोबत ठेवून घोटाघोटाने प्यावे. रांगेत शिरण्यापूर्वी मूत्रविसर्जन. चहा-तंबाखू वर्ज्य. रांगेच्या मध्याऐवजी कडेस उभे राहणे व बाहेर पडण्याची वाट आधीच पाहून ठेवणे. भीमाशंकरला मंदिराकडे पायऱ्या उतरून जावे लागते, म्हणजे थकल्यावर चढण येते. हृद्रोगी व श्वासरोगी रुग्णांस याची आगाऊ कल्पना द्यावी. मुखदर्शनाची सोय असेल तेथे ती घेण्यात कमीपणा मानू नये.

औषधालय चालकांसाठी

यात्रेच्या दिवशी आपले दुकान हेच प्रथमोपचार केंद्र असते. 'घाबरल्याची गोळी' मागणाऱ्यास अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी अनुसूची एच-१ मधील औषधे चिठ्ठीविना देऊ नयेत. तो कायद्याचा भंग आहेच. शिवाय या औषधांनी श्वास मंदावू शकतो, गुंगी येते व सवय लागते. सर्पगंधायुक्त कल्पही विनासल्ला देऊ नयेत, कारण रक्तदाब घटतो व अवसाद येऊ शकतो. ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक, ग्लुकोज पूड, जीवनजल संजीवनी व ॲस्पिरिन हाताशी ठेवावे. ॲस्पिरिन मात्र वैद्याच्या सांगण्यावरूनच द्यावे.

द्रव्यशुद्धीकडेही लक्ष असावे. 'ब्राह्मी' या नावाखाली मंडूकपर्णी व जलब्राह्मी अशा दोन भिन्न वनस्पती विकल्या जातात. शंखपुष्पीबाबतही प्रांताप्रांतांत वेगवेगळी द्रव्ये ग्राह्य धरली जातात. हिमालयीन जटामांसी दुर्मीळ झाल्याने भेसळ होते. देयकावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव मागून घ्यावे.

केव्हा पुढे पाठवावे

आठवड्यातून वारंवार आवेग येणे, घराबाहेर पडणे बंद होणे, मद्याचा आधार घेणे, दीर्घ उदासी वा आत्मघाताचे विचार, यांपैकी काहीही आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये. चालू असलेली आधुनिक औषधे आपण एकाएकी बंद करू नयेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे व तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात दर्शनी भागी लावावा.

उपसंहार

शरीराचे वेग मोकळे सोडावेत व भयाचा वेग आवरावा, हे सूत्र रांगेत उलटे होते म्हणून हा विकार उद्भवतो. ते सुलटे करणे ही चिकित्सा. त्याआधी हृद्रोग, शर्करान्यूनता व गर्दीचा खरा दाब वगळणे हे वैद्याचे आद्य कर्तव्य होय. येत्या श्रावणापूर्वी आपापल्या गावातील वैद्य व औषधालय चालकांनी एकत्र बसून एवढे ठरविले तरी पुष्कळ होईल : यात्रेच्या दिवशी कोण कोठे उपलब्ध राहील, रुग्ण कोठे बसवावयाचा, आणि रुग्णवाहिका कोणत्या वाटेने येईल.